निळं बूच

जगाला मामा बनवत फिरणं ही माझी हौस, पण बिट्टीचा मात्र मी खराखुरा, सख्खा मामा. पोटासाठी वायरिंगची कामं करतो आणि जिवाच्या करमणुकीसाठी लोकांच्या वस्तू गायब करतो. चहावाल्याचा चमचा, न्हाव्याचा कंगवा, काहीही. परत देतो हो, पण आधी जरा नाचवतो.

बिट्टी चार वर्षांची, माझी एकुलती एक चेली. वस्तू माझ्या कुठल्या हातातून कुठं सरकली हे त्या पोरीला बरोब्बर कळतं. मी डोळा मारला की ती ओठ घट्ट मिटून घेते आणि पोट धरून हसते. घरात ही अशी वाघीण. उंबरठा ओलांडला की आईच्या ओढणीला लोंबकळणारं मांजराचं पिल्लू.

आणि नेमकं आत्ताच ताईला हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम लागत होतं, सकाळपाळीचं. बिट्टीला सांभाळणारी शेजारची मावशी लेकाकडे कायमची निघून गेलेली. पुढच्या वर्षी मोठी शाळा, तीही वाट बघतेय. म्हणून वस्तीतल्या बाईंची बालवाडी. फी आमच्यासारख्यांना झेपेल एवढीच, आणि तीही जड जात असेल तर काम करून द्यायची. सुतारानं बुटकी कपाटं ठोकून दिली, शिंपिणीनं बसकरं शिवून दिली. माझ्या वाट्याला पंखे आणि दिवे.

दोन दिवस बिट्टीनं भोकाड पसरून गल्ली डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ताईला शांतपणे सांगितलं की उद्याचा दिवस बघू, नाहीतर ही जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल, बरेच जण थांबलेत. तिकडे लाँड्रीचा मुकादमही म्हणाला, उद्या दुपारच्या आत हो की नाही ते कळव. ताईनं रात्रीच ठरवलं की आपण सोबत जायचंच नाही, मामानं सोडायचं. सकाळी ती डबा भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी निघताना एवढंच म्हणाली, "आज तरी शहाण्यासारखा वाग."

बालवाडी म्हणजे एका बंद पडलेल्या दुकानाचा गाळा. शटर अर्धं वर, आत सतरंज्या. मी गेलो तर पंखा बंद. बाई म्हणाल्या, आलातच आहात तर करून टाका, मात्र भाचीकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, उगी उगी तर अजिबात नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात आपलं काय जातंय?

मी शिडीवर, बिट्टी शिडीच्या पायाला मिठी मारून खाली, आणि तिचा भोंगा चालू. वरून मी पहिल्यांदा ती खोली नीट पाहिली आणि माझा पक्कड धरलेला हात तसाच राहिला.

वीसेक पोरं असतील, पण गोंधळ नावाला नाही. एक बारकं पोरगं जीभ बाहेर काढून शर्टाचं बटण लावत होतं. चुकलं की सगळी काढून पुन्हा खालून सुरुवात. एकीनं जगमधून पेल्यात पाणी ओतलं, थेंब सांडला, तर कुणी न सांगता फडकं आणून पुसला. ज्यांचे हात पेल्याला धड पुरत नाहीत, ती माणसं! आमच्या साईटवर दहा दहा वर्षं काम केलेले गडी इतकं मन लावून काम करताना मी पाहिले नाहीत.

बिट्टीला कुणी गप्प करायला आलं नाही. लाल फ्रॉकवाली एक शेंबडी तेवढी ट्रे घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. बाईंचा तसा शिरस्ताच होता, रडणाऱ्याच्या शेजारी एकानं बसायचं आणि आपलं काम करायचं. ट्रेमध्ये भंगारातून निवडलेल्या, लख्ख धुतलेल्या बाटल्या आणि रंगीबेरंगी बुचं. जिचं बूच तिलाच बसवायचं. शेंबडी बुचं फिरवत होती, बिट्टी रडत होती आणि रडता रडता एका डोळ्यानं बघत होती.

मी टेप घ्यायला खाली उतरलो आणि हात शिवशिवले. वाटलं, घरच्यासारखी गंमत केली तर पोरगी हसेल. जाता जाता ट्रेवरून हात फिरवला आणि एक निळं बूच माझ्या बाहीत. मी पुन्हा शिडीवर.

शेंबडी शेवटच्या बाटलीपाशी आली. बूच नाही. मला वाटलं, आता ही रडणार, मग दोघींचा कोरस. छे! तिनं ट्रे उचलून पाहिला, स्वतःचा गुडघा उचलून पाहिला आणि मग हात वर केला. तो हात बघून एकेकानं आपलं काम खाली ठेवलं. जग जमिनीवर टेकला त्याचाही आवाज आला नाही. सगळी पोरं रांगत सतरंज्यांखाली, कपाटांखाली एक बूच शोधायला लागली. दहा पैशाला कुणी विचारणार नाही असं भंगारातलं बूच, आणि शोध असा चाललाय की राज्याचा खजिना हरवलाय.

बिट्टीचं रडणं थांबलं होतं. ती वर माझ्याकडे बघत होती. मी सवयीनं डोळा मारला.

ती हसली नाही. तिनं त्या रांगणाऱ्या पोरांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि शिडीचा पाय सोडला.

"मामा, दे."

मी दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे.

"बाहीत आहे," ती म्हणाली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी. तीन दिवसांत तिथं बोललेली तिची ही पहिली वाक्यं, आणि चेलीनं भर सभेत गुरूला उघडं पाडलेलं.

मी निमूट बाही झटकली. खाली पडलेलं बूच घेऊन ती शेंबडीकडे गेली. शेंबडीनं बूच घेतलं नाही, बाटलीच तिच्यापुढे सरकवली. बिट्टीनं बूच उलटं फिरवलं, थांबली, सुलट फिरवलं. बसलं. मग शेंबडीनं सगळी बुचं काढून ट्रेमध्ये पुन्हा कालवली, आणि दोघी डोक्याला डोकं लावून पहिल्यापासून सुरू झाल्या. बाकीची पोरं आपापल्या कामाला लागलेली, जणू काही झालंच नव्हतं.

मी पंखा जोडून बटण दाबलं. एकानंही वर पाहिलं नाही. बिट्टीनंसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या करामतीला एकही प्रेक्षक नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, मला ते झकास वाटलं.

शटरपाशी बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं असणार. मी आपला बोलणी खायच्या तयारीत. त्या फक्त म्हणाल्या, "उद्यापासून तिला दारातूनच सोडत जा. आत आता तुमचं काही काम नाही."

बाहेर येऊन ताईला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला तिनं.

"रडतेय ना?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर तिला जरा घाबरवून मजा घेतली असती. आज मी वाकून फोन अर्ध्या शटरखाली धरला. आतून बुचांची बारीक करकर येत होती, पंख्याची घरघर आणि कुणीतरी कुणाला तरी हळूच म्हणत होतं, "ही नाही, ती मोठी."

तो आवाज बिट्टीचा होता.

मग पलीकडून पिशवी उचलल्याचा आवाज आला, आणि कडी लावल्याचा.

"मुकादमाला सांगते," ती म्हणाली, "निघालेय म्हणून."