खोक्याखालचा घट

जर्मनीत डार्मश्टाटला लेकीकडे आले ती एक मागणं मनात धरूनच. ईप्सिताने घरी परत यावं. तिचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपणार होतं, कोल्हापूरच्या एका कॉलेजात जागाही निघाली होती. पण हे तोंडाने म्हणायची माझी टाप नव्हती. एवढ्या शिकलेल्या पोरीला "चल घरी" म्हणणारी आई मला व्हायचं नव्हतं. म्हणून मी देवीलाच मध्ये घातलं. घटस्थापनेला मनात म्हटलं, धान वीतभर वाढलं तर पोरगी माझ्याबरोबर येईल.

एका खोलीच्या घरात देवाला जागा कुठली? टेबलावर तिचा लॅपटॉप, म्हणून घट खिडकीत बसवला. माती फुलवाल्याकडची, गहू तुर्की दुकानातला. अखंड दिवा लावायला गेले तर म्हणाली, "आई, राउखमेल्डर, तो छतावरचा धुराचा भोंगा, वाजेल, सगळी बिल्डिंग खाली उतरेल." मग बॅटरीचा दिवा लावला. देवी काय म्हणाली असेल ते तिचं तिला ठाऊक.

पाचव्या माळेला बघते तर धान जेमतेम बोटभर. हिरवंगार, जाड, ठेंगणं. आमच्या कराडच्या देवघरात कसं पिवळंधमक, लांबसडक येतं. माझा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी ती लॅबमधून आल्यावर विचारलं, "अगं, हे वाढत का नाही?"

नेमकं तिच्या संशोधनातलंच निघालं.

"उजेड मिळतोय ना त्याला. रोपात एक प्रोटीन असतं, आई. अंधारात ते साचत जातं आणि वाढीच्या हार्मोनला जोर देतं. मग कोंब नुसता ताणत सुटतो, उजेड शोधत. उजेड लागला की पेशी त्या प्रोटीनला खूण चिकटवते आणि मोडून टाकते."

"स्वतःच केलेलं स्वतःच मोडायचं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. नाहीतर उंचीपायी दाण्यातली सगळी शिदोरी संपायची. ही खूण कोण लावतं, कधी लावतं, हेच मी दिवसभर बघते."

एरवी ब्रेडचा तुकडा मुकाट्याने गिळणारी पोरगी, पण हे सांगताना चेहरा नुसता फुलला होता. हिला इथून उपटून न्यायचं म्हणते मी? माझं मागणं मलाच जड झालं.

"तुला धान उंच हवंय का? कपाटात ठेवू?" तिने विचारलं.

"बसलेला घट हलवतात होय? राहू दे. धान उंच बरं दिसतं, एवढंच."

"नवसबिवस बोललीस की काय," ती पुटपुटली आणि ताटं घ्यायला उठली.

सकाळी उठले तर घटावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलेलं. "हलवला नाही, नुसता झाकलाय," चहा पिता पिता ती म्हणाली. देवीला खोक्यात कोंडलीस म्हणून मी कुरकुर केली, पण खोकं काही काढलं नाही. माळ घालायच्या वेळी ते उचलायचं आणि आरती झाली की ती आठवणीने पुन्हा ठेवायची.

दसऱ्याला धान वीतभर झालं. शेंडे हिरवे, खाली सगळं पिवळं. देवीने दिलं होतं, आता मी बोलायचीच खोटी.

ईप्सिताने दोन कोंब केसांत खोवले आणि विचारलं, "काय मागितलं होतंस गं आई?"

शब्द ओठांवर आले होते. पण प्रोटीनबद्दल सांगतानाचा तिचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला.

"तुझं इथलं कॉन्ट्रॅक्ट वाढू दे म्हणून," मी म्हणाले.

ती खोकं चपटं करत बसली, पण त्याची घडी काही नीट होईना.

"मला वाटलं, मला घरी न्यायचं मागितलं असशील," ती खाली बघूनच म्हणाली. "म्हणून तर झाकत होते."

मी तिच्या हातातलं खोकं काढून घेतलं. "तेच मागितलं होतं गं," म्हटलं.