थडी बारव्यातला ऋषीचा मठ

औंढ्याच्या नागनाथाहून परळीच्या वैजनाथाला पायी जाणारी माणसं थडी बारव्यात घटकाभर टेकायची, अन् ती टेकली की भुजंगची जीभ सुटायची. गाव एवढंसं, पण लय जुनं. यादवांच्या काळातली बारव, काळ्या दगडाचं देऊळ, पारापाशी तीन वीरगळ. त्या वीरगळांचं खरं काय ते कुणालाच ठाऊक न्हवतं, म्हणून भुजंगचं फावायचं. एका साली दगडातला घोडेस्वार बादशाच्या फौजेला एकटा भिडलेला असायचा, दुसऱ्या साली तोच बायकोच्या धाकानं घोड्यावर बसून पळालेला. पन्नाशीला आला तरी गडी सुधारला न्हाई. लोकं हसायची, त्याला चहा पाजायची अन् वैजनाथाची वाट धरायची.

औंदा शिवरात्रीच्या तोंडावर मात्र सरपंच आबासाहेबांनी त्याला सकाळीच गाठलं.

"भुजंग्या, बारवेवर जायचं म्हंजे जळक्या वस्तीतून जावं लागतंय. कुणी इचारलं तर?"

"त्याची फिकीर तुमी नका करू. पावसानं भिताडं चारशे वर्षांची केली, वरची तीनशे मी करतो."

आबासाहेब पोट धरून हसले. भुजंगबी हसला, पण हातातला चहा तसाच निवला.

मागच्या श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून मुलूख पेटला, तवा ही बौद्धांची वस्ती गावातल्याच पोरांनी भर दुपारी जाळली. नऊ घरं. माणसं नदीच्या अंगानं पळाली. एकटा सिताराम माघारी फिरला, खुंट्याची शेरडं सोडायला. शेरडं बाहेर आली. सिताराम आला न्हाई. आढं अन् भिताड एकदमच खाली बसलं. भुजंग बारवेच्या वरच्या पायरीवरून हे बघत होता. दोन दिवसांनी फौजदार आला, तवा आबासाहेबांनी त्यालाच पुढं केलं. गावात खोटं त्याच्याइतकं खऱ्यावाणी दुसरं कोण बोलणार?

"सिताराम? माझ्या डोळ्यांदेखत गेला की, साहेब. पायात चपला, गंगाखेडच्या टेसणाकडं. लय घाईत होता."

फौजदारानं लिहून घेतलं: परागंदा. सितारामची बायको सरजाबाई तवापासून यात्रेच्या वाटेवरल्या पेडगावला बहिणीकडं होती, अन् गावात तिला कुणी पाय ठेवू देत न्हवतं.

औंदाची मंडळी चाळीसेक होती. नर्मदाबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांना हाकायची. प्रत्येकाच्या कपाळावर भस्माचे पट्टे. सगळ्यात मागं एक बाई डोळ्यापर्यंत पदर ओढून चालत होती, तिच्या कपाळावर तेवढं काई न्हवतं. भुजंगला ते दिसलं, पण त्यानं मनावर घेतलं न्हाई.

वस्तीपाशी नर्मदाबाई थबकली. "काय रं भाऊ, हे काय पडलंय?"

"मठ हाय, मावशे. ऋषीचा. नऊ चेल्यांच्या नऊ खोल्या. तपाचा ताप इतका चढला की मठ आपोआप पेटला."

"आपोआप?"

"आपोआप. काडी न्हाई, राकेल न्हाई."

बायांनी हात जोडले. भुजंगला वाटलं, जिंकलं. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानातून गेली होती. पायी जाणारांची एक रीत असती: पुण्याच्या जागी दगडावर दगड रचून इवलं घर मांडायचं, म्हंजे देव आपल्याला घर देतो. दरसाल ही घरं देवळामागच्या माळावर मांडली जायची.

"मग हितंच मांडू की गं," नर्मदाबाई म्हणली. "ऋषीची जागा, लवकर पावंल."

अन् बाया पडक्या भिताडांचे दगड उचलायला लागल्या.

"माडी कर गं वर, सुनेला ऱ्हायला!"

"सुनेला कशाला माडी? माडीवर मी बसन, तिला खाली चुलीपुढं ठेव."

खसखस पिकली. भुजंग हात पसरून आडवा आला. "अवो, दगडाला हात लावू नका! ऋषीचा शाप हाय!"

"आत्ता तर मठ म्हणला, लगीच शाप? तुझा ऋषी लय लहरी दिसतोय."

तेवढ्यात एकीनं दगडाखालून काईतरी ओढून काढलं. चप्पल होती. टायरच्या तळव्याची, एका अंगानं करपलेली, पट्ट्याला लाल तार गुंडाळलेली.

नर्मदाबाईनं ती वर धरली. "काय रं भाऊ, तुझा ऋषी टायरची चप्पल घालत होता काय?"

सगळ्या बाया खदाखदा हसल्या. मागची बाई तेवढी हसली न्हाई. ती पुढं आली, चप्पल हातात घेतली, लाल तारेवरून बोट फिरवलं. पदर खांद्यावर घसरला. सरजाबाई.

"भुजंगभाऊ, ही गाठ माझ्या हातची हाय. तुमी म्हणला, चपला घालून गेला."

"दुसरा जोड असंल, सरजा."

"दुसरा? आमच्या घरात दोन माणसांत दीड जोड होता, भाऊ. तुमाला म्हायती हाय."

हसू थांबलं. पारावरून आबासाहेब ओरडले, "भुजंग्या, सांग की त्यान्ला! नीट सांग!"

भुजंगनं तोंड उघडलं. गोष्ट तयार होती: कुत्र्यानं कुठून तरी ओढून आणली असंल. जिभेवर आली अन् तिथंच बसली.

सरजाबाई खाली बसून हातानं माती उपसायला लागली. नर्मदाबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा भुजंगकडं. मग आपलं मांडलेलं घर पायानं मोडलं अन् तिच्या शेजारी बसली. मागोमाग बाकीच्या बायांनी आपली घरं मोडली, माड्या मोडल्या. त्याबी उकरायला बसल्या.

चप्पल सितारामच्या दारापाशी सापडली होती, म्हणून दारापाशीच उकरत होत्या. खुंटा तर आत होता. उन्हं उतरंपर्यंत उकरलं असतं तरी हाती काई लागलं नसतं, अन् परळी लांब हाय. मंडळी निघून गेली असती. भुजंगनं फकस्त गप ऱ्हायचं होतं. हे आबासाहेबांच्याबी ध्यानात आलं. ते ओरडायचे थांबले. नुसतं भुजंगकडं बघत उभे ऱ्हायले.

"तिथं न्हाई," भुजंग म्हणला. कुणाला ऐकू गेलं न्हाई.

"सरजा, तिथं न्हाई. हिकडं. चुलीच्या भिताडाखाली."

सरजाबाईनं मान वर केली न्हाई. हातातला दगड खाली ठेवला, चप्पल काखेत धरली, अन् त्यानं दाखवल्या जागी येऊन बसली.