थांब म्हणणारे हात

क्रेनवाल्या बारक्याची ही चौथी मुलाखत. आधीच्या तिन्ही ठिकाणी त्याची दातखीळ बसली होती. वजन, वारा, साखळ्या यांवरच्या प्रश्नांची उत्तरं तो घडाघडा द्यायचा, पण साहेबांनी "मागची नोकरी का सोडली?" असं विचारलं की पठ्ठ्या गप्प. कारण नेमका तेव्हाच त्याचा थोरला भाऊ दाराशी येऊन उभा राहायचा. अंगात कामावरचं पिवळं जाकीट, नजर बारक्यावर. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

वहिनीच्या लेखी हा सगळा घाबरटपणा. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर साहेब होऊन बसायची आणि चष्म्यावरून बघत त्याला फैलावर घ्यायची. "पाय जमिनीला टेकवा, भावजी. आधी श्वास सोडा, मग तोंड उघडा. साहेब म्हणजे काय वाघ आहे? खातोय का तुम्हाला?" तिच्या एकटीच्या शिवणकामावर घर चालेना. या खेपेलाही नोकरी हुकली, तर घर मोडून तिला माहेरी जावं लागणार होतं.

खरं कारण बारक्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. दादा खालून हातानं इशारे द्यायचा आणि बारक्या वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवायचा. या धंद्यात आपल्या एकाच इशारेवाल्याचं ऐकायचं असतं. 'थांब' मात्र कुणीही म्हणो, अगदी झाडूवाला का असेना, हात तिथल्या तिथे आवरायचा. बारक्याला मोठी घमेंड, की मी दादाशिवाय कुणाच्या हाताकडे बघत नाही! त्या दिवशी दादा 'खाली घे' म्हणत होता आणि पलीकडे एका रंगाऱ्यानं दोन्ही हात आडवे पसरले. बोजा बांधलेला पट्टा सरकताना त्याला दिसला असावा. बारक्याला ते हात स्वच्छ दिसले. 'हा कोण टिकोजीराव मला शिकवणार?' असं मनाशी म्हणत त्यानं बोजा आणखी चार हात खाली घेतला. पट्टा निसटला आणि लोखंडी तुळई दादावर आली. चौकशीत सारा दोष पट्ट्यावर गेला. रंगाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

आजची मुलाखत थेट यार्डातच होती. "तोंडाची वाफ नको, हात दाखव," म्हातारा मुकादम म्हणाला आणि इशारे द्यायला खाली उभा राहिला.

बारक्या वर चढला. बोजा अलगद उचलला गेला. मुकादमाचं बोट गोल फिरत होतं: वर, अजून वर. एवढ्यात डाव्या शेडच्या कोपऱ्यावर पिवळं जाकीट दिसलं. दोन्ही हात आडवे पसरलेले.

दादा.

खाली मुकादमाचं बोट फिरतच होतं. बारक्यानं दांडा सोडला. बोजा हवेत थांबला. नोकरी गेली, हे त्याला कळून चुकलं. तो खाली उतरला.

"का थांबलास?"

"तिकडून... थांब म्हटलं."

"कोण म्हटलं?"

बारक्यानं नुसतंच बोट दाखवलं. शेडआडून यार्डाचा कारकून जाकिटाची चेन उघडत येत होता. त्यात तो घामाघूम झाला होता.

मुकादम खो खो हसला. "मीच उभं केलं होतं याला. सकाळपासून सहा बहाद्दर आले, एकजण थांबेल तर शपथ! सोमवारपासून ये."

फाटकाबाहेर येताच बारक्यानं फोन लावला. वहिनी आधी हसली, मग रडली. "काय विचारलं हो? सगळं सांगा!" आनंदाच्या भरात त्यानं सगळं सांगून टाकलं: कारकून, पसरलेले हात, न थांबलेले सहाजण. आपण कुणाशी बोलतोय, याचं भान त्याला राहिलं नाही. अकरा वर्षं ती एका इशारेवाल्याची बायको होती. 'थांब'चा तो नियम तिनं जेवताना शंभरदा ऐकला होता.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी कुणी थांब म्हटलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं.

"हो," तो म्हणाला. "एका रंगाऱ्यानं. मी पाहिलं होतं, वहिनी."



"घरी या," ती म्हणाली. "मला समोर बसून सांगा."