मृगांकचं बारसं

रविवारी बाळाचं बारसं होतं आणि नाव मी कॉलेजातच ठरवून ठेवलेलं होतं, मृगांक. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली त्या कादंबरीच्या नायकासाठी रडल्या होत्या. उरलेल्यांना ती लायब्ररीतून मिळाली नव्हती.

बाळाला पाजता पाजता ती पुन्हा वाचायला घेतली आणि शेवटच्या प्रकरणात मला घाम फुटला. तापानं फणफणलेल्या विधवा आईला टाकून मृगांक सत्याच्या शोधात डोंगरात निघून जातो! तिथे मी पेन्सिलीनं 'केवढं मोठं मन!' असं लिहिलेलं. मन मोठं, पण म्हातारीला पेज कोण देणार? ती पुढे जगली की गेली, हे लेखकसुद्धा विसरला होता.

"नाव बदलू या," मी ह्यांना म्हटलं.

"अगं, अजून मान धरत नाही तो. डोंगर कसला चढतोय!"

"आज नाही हो. पुढे?"

पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचा. धोंडूबाईंनी अख्ख्या करावे गावात मृगांक जाहीर करून टाकलं होतं. शनिवारी त्या वाशीला आमच्याकडे आल्या आणि नेमका त्याच संध्याकाळी टीव्हीवर त्याच कादंबरीवरचा पिक्चर लागला.

पडद्यावरचा मृगांक चांगला पंचेचाळिशीचा होता. कॉलेजचा जिना चढताना धापा टाकत होता. आई आजारी पडली, त्यानं बॅग उचलली. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते किंचाळलं. पण एसटी स्टँडवर मृगांकला आईची अंगाई आठवली, ती त्यानं पूर्ण गायली आणि मग पळत घरी आला!

"आला की नाही परत!" मी सुटले एकदाची. "मृगांकच ठेवायचं."

"आला, पन गेला कनाला?" धोंडूबाई म्हणाल्या. "त्यो नामा गडी बग. गाना नाय, काय नाय. गप म्हातारीला पेज पाजतोय."

नामा? तीनदा कादंबरी वाचून मला नामा आठवत नव्हता.

रविवारी पाळणा म्हणून झाला. धोंडूबाई बाळाच्या कानाशी वाकल्या, कुजबुजल्या आणि ताठ होऊन म्हणाल्या, "नामा!"

रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"आत्याबाई, मृगांक ठरलं होतं ना!" मी ओरडले.

"ठरला व्हता. पन मना रातभर झोप नाय. यो घरान ऱ्हाईल."

मी पदर खोचला, पुढे झाले आणि सगळ्यांत जोरात बुक्का घातला.

"अगो, सोर आता," धोंडूबाई पाठ चोळत म्हणाल्या. "नाव कानान गेला, मारून भायेर नाय येनार."