पार्बताबाईचा मान

मंगळवारी सकाळी मंजुषा मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, तेव्हा तिचा दीर शेखर एक कोरी वही तिच्यापुढे टाकून म्हणाला, "वयनी, घराण्याचं पुस्तक छापून राहिलो आपण. प्रतीक्षाच्या हळदीले वाटू. आजीची माहिती तुमी जमवा. तुमाले तसंबी काय काम असते?"

काय काम असते! नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. चांदूर बाजारचा हा दोन एकरांचा मळा, आठवडी बाजारातलं दुकान आणि आता मुलीचं, प्रतीक्षाचं, लग्न, सगळं ही बाई एकटी ओढत होती. शेखर मात्र फार कामाचा माणूस. समाजाच्या मंडळाचा सचिव. दर जयंतीला विधवांच्या दुःखावर असा काही बोलायचा की पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. त्या रांगेत स्वतःच्या वहिनीला त्यानं कधी बसवलं नव्हतं.

आजी म्हणजे पार्बताबाई, प्रतीक्षाची पणजी. देवघरात तिचा फोटो होता, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून भाग्याची. घरात लग्न निघालं की पहिली हळद तिच्या फोटोला, मग पाच सवाष्णी नवरीला लावणार, असा रिवाज. प्रतीक्षाची हळद आपण चुलीजवळ काढायची, हे मंजुषानं आधीच ठरवून टाकलं होतं. तिला कोणी तसं बोललं नव्हतं. जावेनं, शेखरच्या बायकोनं, फक्त विचारलं, "त्या दिवशी सैपाकाकडं कोन पायते?" आणि मंजुषा म्हणाली, "मी." खानदानी घरांत माणसं अशीच हद्दपार होतात, आवाज न चढवता.

आजीच्या माहितीसाठी तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत तिला तीन चकरा पडल्या. तिसऱ्या चकरेला शेजारच्या गावच्या जमिनीच्या फेरफाराची जुनी नक्कल हाती आली. त्यात लिहिलं होतं: मयताची विधवा पार्बता हिने शालिकराम याच्याशी पाट लावला, सबब तिचे नाव कमी केले. मंजुषानं ते तीनदा वाचलं. शालिकराम म्हणजे शेखरचे आजोबा. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ना मंडप, ना वाजंत्री, ना हळद.

त्याच दिवशी तिनं अकोल्याची एसटी धरली. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, पार्बताबाईची लेक गोदाबाई राहत होती. वय शहाऐंशी. ती लसूण सोलत होती. नक्कल वाचून दाखवताच तिचे हात थांबले.

"खरं हाय," ती म्हणाली. "पयला नवरा तापानं मेला. माय पंधरा वर्साची. मंग बाबानं पाट लावला. तुमचा मळा कोनाचा समजतं तू? तिनं हीर खंदली, वांगे लावले, बाजार केला. बाबा तं नुसता पारावर बसे."

"अन् तुमच्या लग्नात, आत्याबाई?"

"माह्या हयदीले माय कोठ्यात, ढोरायसंगं होती. पाटाच्या बाईनं हयदीले हात नाई लावाचा, असं होतं. कोनं म्हनाच्या अगुदर तिनंच आतून कडी लावून घेतली. मी बारा वर्साची. मले मायचा हात पाह्यजे होता वं. पन मी बी गप बसली."

"मंग फोटोले पहिली हळद कशी लावतात?"

"मेल्यावर कुकू लावाले कोनाच्या बापाचं काय जाते?" म्हातारी फणकारली. "जित्तेपनी कोठ्यात, मेल्यावर देव्हाऱ्यात."

परतीच्या वाटेवर मंजुषाला स्वतःची लाज वाटली. स्वयंपाकाचं नाव पुढे करून तिनंही कडीच लावून घेतली होती.

शेखरनं नक्कल वाचली आणि आधी खोलीचं दार लोटलं. "हे छापाचं नाई. पाटाची म्हटलं तं पोराकडचे काय म्हनतीन?" पुस्तक छापून आलं. त्यात पार्बताबाई नवव्या वर्षी वाजतगाजत या घरात आल्या होत्या. असं सुबक खोटं लिहायला भाषणांचा सराव लागतो.

हळदीच्या दिवशी मंजुषा भाताची परात खाली ठेवून, हात धुऊन मांडवात आली. प्रतीक्षा चौरंगावर बसली होती. जाऊ हळदीची वाटी घेऊन फोटोकडे निघाली होती. शेखर आडवा आला.

"वयनी, तुमी आत व्हा. पयला मान आजीचा हाय."

"ज्या आजीले मान देऊन राहिले, थे विधवा होती, भाऊ. विधवा म्हनूनच या घरात आली. अन् तिच्या लेकीच्या हळदीले या घरानं तिले कोठ्यात बसवलं. आता फोटोले काय लावता? जित्ती होती तवा तिले विचारलं होतं कोनं?"

नवरदेवाकडची माणसं माना वळवून पाहू लागली. शेखरचा चेहरा उतरला. आपली अब्रू जाईल, एवढीच त्याची भीती. "अपशकुन झाला तं?" तो कुजबुजला.

"माह्या हातची भाजी अख्खं गाव खाते. तवा नाई होत अपशकुन? तुमच्या मंडळाच्या जेवनाचा सैपाक मीच करते. तवा?"

लग्नासाठी अकोल्याहून आलेली गोदाबाई खुर्चीवरून काठी टेकत उठली. तीही विधवाच. तिनं शेखरच्या बायकोच्या हातातून वाटी ओढून घेतली आणि मंजुषाच्या हातात दिली.

"लाव वं. सत्तर वर्सं उशीर झाला."

मंजुषा वाटीत बोटं बुडवून तशीच थांबली. प्रतीक्षानं तिचा हात धरला आणि स्वतःच्या गालाला लावला. "आई, घाबरू नको. दुसऱ्या कोनाच्या हातची मले नाईच लावाची."

मंजुषानं लेकीच्या दोन्ही गालांना, कपाळाला, हातापायांना हळद लावली. बोलावलेल्या पाच सवाष्णींपैकी दोघी तोंड फिरवून मांडवाबाहेर गेल्या. त्यांच्यावाचून काही अडलं नाही.