फुलकोबीची हाळी

"भैय्याजी, माईक काऊन बंद केला?" ऑटोवाल्यानं मागे वळून विचारलं.

सेलूपासून जवळच्याच एका खेड्यात प्रचाराचा ऑटो पारापाशी उभा होता आणि कापूस वेचून परतणाऱ्या बायांनी त्याला घेरलं होतं. सगळ्यांत पुढे अन्नपूर्णाबाई. वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.

"सांगा ना जी," त्या म्हणाल्या. "मागच्या इलेक्शनले याच पारापाशी तुमीच सांगतलं होतं, का माधवबाबू म्हंजे नागपूरचा पाव्हणा, निवडून आला का तोंड दाखवणार नाई. आता म्हंता हक्काचा मानूस. तवा खोटं बोलले, का आता बोलून राह्यले?"

मागच्या बाया हसल्या. भैय्याजींना हसू आलं नाही. त्यांच्या हातात पक्षाच्या कार्यालयातून आलेला मजकूर होता.

भैय्याजी सेलूचे. गावाला लागूनच वावर, त्यात वांगी, मेथी, फुलकोबी. बाजारात स्वतःच दुकान लावायचं. आवाज असा खणखणीत, की बाजाराच्या या टोकाची हाळी त्या टोकाला ऐकू जावी. मिसरूड फुटलं तेव्हापासून हा आवाज दर निवडणुकीत पक्षाचा होत आला. पद मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. सभेच्या आधी सतरंज्या टाकायच्या, सभेनंतर गुंडाळायच्या, आणि मध्ये गावोगाव हिंडून ओरडायचं, एवढंच त्यांचं राजकारण.

यंदा विधानसभेचं तिकीट जागृतीताईंना मिळणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. भाजीवाल्यांच्या पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून वीज कंपनीच्या दारात त्या आठवडाभर बसल्या होत्या. दवाखान्याला डॉक्टर मिळाला तोही त्यांच्याच पाठपुराव्यानं. पण मुंबईहून नाव आलं ते माधवबाबूंचं. मागच्या वेळी ज्याच्याविरुद्ध सगळे लढले, तो पंधरवड्यापूर्वी पक्षात आला आणि उमेदवार होऊन बसला. त्या दिवशी चहाच्या टपऱ्यांवर एकच बोलणं होतं: आपल्याला कुणी विचारलं का?

"अन्नपूर्णाबाई," भैय्याजी शेवटी म्हणाले, "तवाचं खरं होतं."

मजकुराचा कागद त्यांनी ऑटोच्या सीटवर ठेवला, खाली उतरले आणि पायी सेलूची वाट धरली.

पक्ष कार्यालयात तालुकाध्यक्ष प्रभाकरराव एकटेच बसले होते. निवृत्त मास्तर, भैय्याजींचे तरुणपणापासूनचे सोबती. कित्येक निवडणुका दोघांनी एका डब्यात जेवून काढल्या होत्या.

"मले जमत नाई," भैय्याजी म्हणाले.

"भैय्याजी, मले तरी कुठं जमून राह्यलं? पन वरून आलं हाय."

"वर कोन बसलं हाय? देव?"

"पक्ष हाय."

"मंग मी कोन हावो? त्या बाया कोन हायेत? आपन इतकी वर्सं ज्याले पक्ष म्हनत होतो, तो हाच होता ना? गावातला?"

प्रभाकरराव टेबलावरचे पत्रकांचे गठ्ठे उगाच सरळ करत राहिले. "जागृतीनं अपक्ष फॉर्म भरला हाय," ते हळूच म्हणाले. "तू तिकडे गेलास तं मले तुया नावाची कारवाई करा लागन."

"करजो," भैय्याजी म्हणाले आणि निघाले.

दोनच दिवसांत वर्तमानपत्रात बातमी आली: पक्षविरोधी कारवायांसाठी सहा वर्षं निलंबित. त्यात भैय्याजींचं नाव होतं. कुसुमबाईंनी, त्यांच्या बायकोनं, ती दोनदा वाचून घेतली.

"कायच्यातून काढलं तुमाले?"

"तेच तं समजून नाई राह्यलं," भैय्याजी म्हणाले. "सतरंजीवरून काढलं असन."

कुसुमबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पण जेवताना भैय्याजींचा घास हातातच राहिला, हे त्यांनी पाहिलं.

चिन्हवाटप झालं त्या संध्याकाळी जागृतीताईंच्या अंगणात सुतकी शांतता होती. कुणाला ट्रॅक्टर हवा होता, कुणाला शिट्टी. मिळाली फुलकोबी.

"लोक हासतीन, भैय्याजी," जागृतीताई म्हणाल्या. "आधीच ना पैसा, ना गाडी. त्यात हे."

भैय्याजी एकदम उठून उभे राहिले. "ताई, अवं काय बोलून राह्यली तू! पुरी जिंदगी मी हेच वरडून राह्यलो!"

त्यांनी अंगणातच हाळी दिली. "फुलगोबी घ्या, फुलगोबी! पांढरी फेक, ताजी ताजी फुलगोबी!" शेजारच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. जागृतीताई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मग पंधरा दिवस ती हाळी मतदारसंघभर फिरली. ऑटो नाही, भोंगा नाही. भैय्याजी सायकलवर, मागच्या टोपलीत खरीखुरी फुलकोबी. वेचणीच्या वावरात बाया त्यांना पाहून लांबूनच ओरडायच्या, "आली पाय गोबी!" अन्नपूर्णाबाईंनी आपल्या गावात घरोघर सांगितलं, "आपल्याले न विचारता दिलेलं गोड मानून घ्याचं नाई." माधवबाबूंच्या सभेत मुंबईचे पुढारी आले, मंडप मोठा होता, खुर्च्या मात्र रिकाम्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद होता. नेमका त्याच दिवशी सेलूचा बाजार. भैय्याजी आपल्या नेहमीच्या जागी फुलकोबीचा ढीग लावून बसले आणि पोटभर ओरडू लागले. तासाभरात निवडणुकीच्या भरारी पथकाची गाडी येऊन थांबली. खाली उतरलेल्या अधिकारी बाई तरुण होत्या, पण चेहरा कडक.

"तक्रार आली आहे. प्रचार संपलाय, माहीत आहे ना? काय चाललंय हे?"

भैय्याजींनी हात जोडले. "मॅडम, गोबी विकून राह्यलो. हे पाहा ना, ढीग."

"पण तुम्ही नुसती फुलकोबीच ओरडताय. वांगी पण आहेत तुमच्याकडे."

"हो, हायेत ना," भैय्याजी म्हणाले, आणि तितक्याच जोरात हाळी दिली, "वांगे घ्या वांगे!"

बाजार खदखदून हसला. कुठूनतरी एक बाई ओरडली, "वांगे नको, भाऊ, गोबीच पाह्यजे!" अधिकारी बाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. "वांग्याचंही नाव घेत जा," एवढं बजावून त्या गाडीत बसल्या.

निकालाच्या दिवशी दुपारीच फटाके फुटले. जागृतीताई निवडून आल्या होत्या, आणि थोडक्यात नव्हे. भाजीबाजार लवकर उठला. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर चढायला लोकांनी भैय्याजींना ओढलं, ताईंनी वरून हात दिला; पण ते कपाळावर गुलाल लावून घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. आज लोक आपले आपण ओरडत होते. बाया, म्हातारे, कॉलेजच्या पोरी. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. जन्मभर लोकांच्या कानांवर आदळलेला तो माणूस आज नुसता ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याची छाती भरून येत होती.

शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. प्रभाकरराव होते. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी निराळं.

"मुंबईहून फोन आलता," ते म्हणाले. "विचारत होते, चूक कुठं झाली."

"मंग काय सांगतलं?"

"म्हनलं, आता विचारून राह्यले, ते आधी विचाराले पाह्यजे होतं." ते जरा जवळ सरकले. गर्दीकडे पाहत म्हणाले, "माया बूथवर गोबीले लय मतं पडले, भैय्याजी. त्यातलं एक मायं."

भैय्याजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी आपल्या कपाळावरचा चिमूटभर गुलाल बोटावर घेतला आणि मास्तरांच्या कपाळाला लावला.

प्रभाकरराव रस्त्यापलीकडच्या, सामसूम पडलेल्या पक्ष कार्यालयाकडे परत निघाले. तिथे आत जाण्यापूर्वी ते गुलाल पुसतील, असं भैय्याजींना वाटलं. म्हणून ते पाहत उभे राहिले. दाराशी पक्षाची चार-दोन माणसं बसली होती. प्रभाकरराव त्यांच्या समोरून ताठ मानेनं, तसेच आत गेले.