राखेची पूररेषा

नदी फुगून आली, मंतरलेल्या राखेच्या रेघेपाशी थबकली आणि आल्या पावली मागे फिरली. काठावरच्या वस्तीनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून रेघ मारणारा रेघमहाराज झाला. पूर ओसरल्यावर दर्शनाला अशी गर्दी लोटली, की पुरानं शाबूत ठेवलेली कुंपणं भाविकांनी मोडली.

"नदी बाईमाणूस आहे," महाराज सांगत होते. "तिला उंबरठा दाखवा, ती मर्यादा सोडत नाही." महाराजांनी स्वतः मात्र वस्तीतले बरेच उंबरठे ओलांडले होते, बहुधा जेवणाच्या वेळी.

गर्दीत नकाशेवाली उभी होती. उपग्रहानं काढलेले फोटो संगणकावर लावून ती पूरनियंत्रण कार्यालयात नदीचे नकाशे करायची. तिचे वडील म्हणजे महाराजांचे पट्टशिष्य. त्यांचं घर रेघेला खेटूनच होतं.

रेघ न्याहाळताना ती चमकली. बर्फाच्या कारखान्यामागे, चांगल्या उंच कोरड्या जागी, रेघेनं उगाच बाक घेतला होता.

"महाराज, इथं वळण कशाला?"

"तिथं जलदेवता विसावते, बाळ."

"तिथं कारखान्याची सावली विसावते." तिनं टॅब पुढे केला. "उपग्रहाच्या फोटोत सावली काळी दिसते. संगणकानं ती पाणी समजून पूररेषा वाकडी काढली. चूक आमच्या कार्यालयाची. पाणी कुठवर चढेल ते दाखवणारा हा नकाशा पुराच्या कितीतरी आधी सगळ्यांसाठी खुला होता. महाराजांनी तो उतरवला, आमच्या चुकीसकट."

महाराजांनी सोयीस्करपणे डोळे मिटले. शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे सरकारनं महाराजांची रेघ चोरली तर."

टाळ्या पडल्या.

घरी तिनं वडिलांसमोर सालोसालचे फोटो एकावर एक ठेवले. "अण्णा, पाणी रेघ ओलांडणार नाही, कबूल. पण ती रेघ पाणी किती चढेल तेवढंच सांगते. काठ टिकेल का, ते नाही. नदी खालून माती पोखरतेय. बघा, काठ दरसाल घराकडे सरकतोय. माझ्याकडे चला."

"लहानपणी दिवे गेले की मला बिलगायचीस. आता मलाच भीती घालतेस?"

"चला ना, अण्णा."

"पट्टशिष्यच पळाला म्हणतील." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नीघ आता, उशीर होईल. पोचलीस की फोन कर."

तिनं केला. पुढच्या पुरात मात्र त्यांचा फोन लागला नाही.

पाणी रेघेपर्यंत आलंच नाही. तळातून पोखरलेला काठच ढासळला. रेघ गेली, तिच्यामागचं घर गेलं, घरात निर्धास्त बसलेले अण्णा गेले. महाराज आदल्या दिवशीच लांबच्या गावी प्रवचनाला निघून गेले होते. त्यांना म्हणे दृष्टांत झाला होता. हवामान खात्याला तोच दृष्टांत त्याच्या आधी झाला होता आणि त्यांनी तो रेडिओवर सांगितलाही होता.

वस्ती तिच्याभोवती जमली. शेजारच्या काकांनी हात जोडले. "ताई, आता तुम्हीच रेघ मारा. आमची श्रद्धा आहे तुमच्यावर."

"श्रद्धा नको, काका." तिनं टॅब त्यांच्यासमोर धरला. "फोटो बघा. काठावर खुंट्या ठोका, दोरी धरून तुम्हीच मोजा. मी चुकले तर तोंडावर सांगा. पण माती सरकताना दिसली, तर सामान बांधा. रेघ कुणाचीही असो, ती कुणाला वाचवत नाही. उठून आपल्यालाच चालावं लागतं."

काकांनी चष्मा पुसून टॅब हातात घेतला. "यात माझं घर कुठलं?"

तिनं दाखवलं. मग तिचं बोट शेजारी सरकलं, जिथं आता नुसतं पाणी होतं, आणि तिथंच राहिलं.